हार्ड क्रोम की सिरॅमिक कोटिंग? पार्ट बघून ठरवा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत झिजलेला शाफ्ट घेऊन गेलात की पहिला सल्ला हार्ड क्रोमचा मिळतो, आणि हल्ली त्याच्या जोडीला सिरॅमिक कोटिंगचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पार्ट कुठला आणि तो कशाने झिजला, हे आधी बघायचं.

हार्ड क्रोममध्ये पार्ट क्रोमिक ॲसिडच्या टाकीत टांगून विजेने थर चढवतात. कडकपणा साधारण ८०० ते १००० विकर्स (कडकपणा मोजायचं एकक). सिरॅमिकची गोष्ट वेगळी. ऑक्साइडची पावडर प्लाझ्मा गनच्या १०,००० अंशांहून जास्त तापमानाच्या झोतात सोडली की ती वितळून पार्टवर आपटते, चपटी होते आणि थरावर थर बसतो. पार्ट स्वतः दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास ठेवता येतो, त्यामुळे शाफ्ट वाकायची भीती नाही. पण हा थर धातूशी एकजीव होत नाही, ब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या हवेने टोकदार कण मारून, खरखरीत केलेल्या पृष्ठभागाला नुसता पकडून बसतो. म्हणून खाली निकेल-ॲल्युमिनियमसारखा बाँड कोट, म्हणजे पकड देणारा धातूचा थर, लागतो. ब्लास्टिंग नीट झालं नाही तर पोपडा सुटणारच.

सिरॅमिकची खरी जागा म्हणजे पाण्याच्या पंपाचा शाफ्ट. पावसाळ्यात दूधगंगा-वेदगंगेचं गढूळ पाणी ओढणाऱ्या इंजिनपंपाचा शाफ्ट काढून बघा: ग्लँड पॅकिंगखाली (पाणी गळू नये म्हणून शाफ्टभोवती दाबून बसवलेली दोरी) नख अडकेल एवढी खाच पडलेली असते. बारीक वाळू पॅकिंगमध्ये रुतते आणि शाफ्टला कानशीसारखी घासत राहते. इथे क्रोमियम ऑक्साइड हे सिरॅमिक हार्ड क्रोमपेक्षा सरस. कडकपणा १२०० विकर्सच्या वर जातो आणि पॉलिशही छान येतं. स्वस्तात भागवायचं तर १३ टक्के टायटानिया (टायटॅनियम ऑक्साइड) मिसळलेलं ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) चालतं. ते थोडं मऊ असतं, पण नुसत्या ॲल्युमिनापेक्षा कमी ठिसूळ. दोन्हींत बारीक छिद्रं राहतात, त्यामुळे पाण्यातल्या कामाला वरून छिद्रं बुजवणारा सीलर मारून घ्याच, नाहीतर खालचा लोखंडी भाग गंजून थर उचलतो.

क्रँकच्या ऑइल सीलखालची खाच हीसुद्धा सिरॅमिकने भरता येते. पण पातळ स्टीलची तयार स्लीव्ह मिळत असेल तर माझं मत स्लीव्हच्या बाजूने. काम तासाभराचं, खर्च किरकोळ.

क्रँकच्या जर्नलला, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला, मात्र सिरॅमिकचा विचारही नको. तिथे दर फेऱ्याला दणका बसतो आणि ऑक्साइड ठिसूळ. जर्नल ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ ग्राइंड करायचं, त्या मापाची मेटल (बेअरिंग) टाकायची, विषय संपला. खानापूरकडे चिखलणीत राबणाऱ्या ट्रॅक्टरचा लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) झिजला तरी तेच: नवा लायनर-पिस्टन सेट कोटिंगपेक्षा सोपा पडतो. आणि लायनर वारंवार जात असेल तर आधी एअर क्लीनर उघडून बघा. धूळ आत जात असेल तर कुठलंही कोटिंग वाचवणार नाही.

झिर्कोनिया या आणखी एका सिरॅमिकचं नाव हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमुळे (विमानांचे भाग बनवणारं विशेष आर्थिक क्षेत्र) आपल्याकडे कानावर येतं. जेट इंजिनात तो उष्णता अडवायला असतो, घासण्याविरुद्ध नाही. पिस्टनच्या माथ्यावर तो लावतात तेही उष्णतेसाठीच. शिवाय ॲल्युमिनियमचा पिस्टन तापला की झिर्कोनियाच्या दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे सुटण्याचा धोका कायम.

क्रोमची एक बाजू मात्र मान्य करायला हवी: साध्या ग्राइंडिंग व्हीलवर तो फिनिश होतो आणि बिघडला तर टाकीतच उतरवता येतो. सिरॅमिकला डायमंड व्हील लागतं, उतरवायला पुन्हा ब्लास्टिंग. उलट क्रोमच्या टाकीतलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरला कारणीभूत आहे, सांडपाणी कुठे सोडतात हेही विचारावं.

ऑर्डर देताना ड्रॉइंगवर दोन गोष्टी लिहून द्या: फिनिशनंतरची जाडी, बहुतेक कामांना ०.१ ते ०.३ मिलिमीटर पुरते. आणि कीवे (चावी बसवायची खाच) व शाफ्टच्या टोकापासून थर थोडा अलीकडेच थांबवायचा, कारण टवका उडायला सुरुवात होते ती धारदार कडेपासूनच.