डोळे उघडले होते, तरी फसले

चर्चमध्ये उपवास-प्रार्थनेचा शुक्रवार होता. बाहेरून आलेले ब्रदर, म्हणजे उपदेशक, म्हणाले, "डोळे मिटा, विश्वासाचं बी पेरणाऱ्यांनी हात वर करा." मी हात वर केला आणि सहज डोळे किलकिले केले. ब्रदरचे डोळे सताड उघडे! बोटानं हात मोजत होते, कोपऱ्यातला पोरगा वहीत नावं टिपत होता. बाजारात दलाल गुरं मोजतो, तसं. आणि मी काय केलं? प्रार्थनेत डोळे उघडले म्हणून देवाची क्षमा मागितली आणि पुन्हा गच्च मिटले.

'विश्वासाचं बी' म्हणजे ब्रदरकडे व्याजानं ठेवायचे पैसे. महिना 8 टक्के व्याज, सुरुवातीला अगदी वेळेवर. आधी 50,000 टाकले, तीन महिने 4,000 प्रमाणे आले. मग एफडी मोडून 1,30,000 आणि ग्रॅच्युइटीतले 3,00,000. एकूण 4,80,000. त्यावर 38,400 एकदाच आले, नंतर फोन बंद. हाती आले 50,400, बुडाले 4,29,600.

लोभी म्हणाल. म्हणा. पण 31 वर्षं रात्रपाळ्या केलेली विधवा बाई मी, मुलीची नर्सिंगची फी डोक्यावर, आणि तो माणूस आमच्याच चर्चच्या पुलपिटावरून, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावरून, बोलत होता. रस्त्यावरच्या एजंटाला मी दारात उभं केलं नसतं. तरी एक कबूल करते. व्याजाची पाच तारीख रविवारी आली की उपदेश चालू असताना माझा हात पर्समध्ये असायचा, मेसेज आला का बघायला. संडे स्कूलच्या पोरांकडून बायबलातलं पहिले तीमथ्य 6:10 पाठ करून घेणारी मीच. पैसा नव्हे रे, पैशाचा लोभ हे वाईटाचं मूळ, असं दरवर्षी समजावणारीही मीच.

कोणी बायबलातलं मलाखी 3:10 वाचून पैसे मागितले तर विचारा, यात व्याजाची टक्केवारी कुठे आहे? दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, भांडारात आणा असं लिहिलंय, ब्रदरच्या खात्यात नाही.

पोलीस ठाण्यात चार चकरा झाल्या. एकदा साहेब नाहीत, एकदा हद्द आमची नाही. तिसऱ्यांदा, "मावशी, हे दान की ठेव?" कारण पैसे पाठवताना शेऱ्यात 'दान' लिहायला लावलं होतं. (असं कोणी लिहायला सांगितलं की तिथेच फोन ठेवा.) म्हटलं, दानावर महिन्याला व्याज कोण देतं? ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आहे, केंद्राचा 2019 चा आहे. भाच्यानं छापून दिलेले कागद टेबलावर ठेवले. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला. चौथ्यांदा ऐकवलं, "दिवाणी मामला आहे, वकील गाठा." बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात.

चर्चच्या पंचकमिटीचं तर विचारूच नका. पहिले करिंथ 6 काढून वाचलं, भावानं भावावर फिर्याद करू नये, मंडळीची, म्हणजे चर्चची, बदनामी होते. भाऊ कसला तो? त्याच अध्यायाच्या दहाव्या वचनात लुबाडणाऱ्यांना देवाचं राज्य मिळणार नाही असं आहे, ते कोणी वाचलं नाही. दोन पंचांचेही अडकलेत. म्हणून गप्प.

ठेव घेणाऱ्याचं नाव आधी रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघा. चर्चमध्ये भेटलेल्याचं तर दोनदा बघा. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका.

माझी पावती दानाच्या पाकिटामागे पेननं लिहिलेली आहे, म्हणून पुरावा धरत नाहीत. आलेल्या 50,400 वर मी मंडळीत 5,040 दशांश भरला होता. त्याच्या पावत्या मात्र माझ्याकडे आहेत, सही-शिक्क्यासकट.