नागपूरचा फोटोवाला न्यावा की तालुक्याचा?

सहलीला फोटोवाला न्यायचा हे तुमचं ठरलेलं आहे असं धरून चालतो. 'मोबाइल आहेत ना सगळ्यांकडे' म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं, त्याची समजूत तुमची तुम्ही घाला. आमच्याकडे ते काम मोठ्या भावानं केलं. त्याआधीच्या सहलीचे चारशेच्या वर फोटो त्यानं घरच्यांसमोर सरकवून दाखवले. त्यातल्या एकातही तो नव्हता, कारण काढणारा तोच.

आता प्रश्न उरतो फोटोवाला कुठला न्यायचा. नागपूर-अमरावतीचा, इन्स्टाग्रामवर काम पाहून ठरवलेला, पॅकेजवाला? की आपल्या तालुक्याच्या गावातला, बसस्टँडजवळ स्टुडिओ असलेला, ज्यानं चुलतभावाचं लग्न काढलं तो?

मी दोन्ही नेऊन पाहिले. जागा एकच, चिखलदरा. एका वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरचा, पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर आमच्या अचलपूर तालुक्यातला. माणसंही तीच अकरा, ७४ वर्षांच्या आईपासून धाकट्या पुतणीपर्यंत. म्हणून तुलना बऱ्यापैकी बरोबरीची झाली असं मला वाटतं. तरी हा एका घराचा अनुभव आहे, तेवढ्याच मापानं घ्या.

कॅमेऱ्याबद्दल काही बोलत नाही. लग्नाच्या धंद्यामुळे तालुक्याच्या पोरांकडेही आता तेच कॅमेरे आणि त्याच लेन्स आहेत. पैशाचंही थोडक्यात सांगतो. नागपूरच्यानं चार तासांचे १४,००० घेतले. नागपूर ते चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटर, त्यामुळे त्याची गाडी आणि एक मुक्काम आमच्याकडे. सगळं मिळून २१,००० च्या आसपास गेले. आमच्या तालुक्याच्या फोटोवाल्यानं (पुढं त्याला नुसतं 'भाऊ' म्हणतो, सख्खा नाही) पूर्ण दिवसाचे ६,००० घेतले, आमच्याच गाडीत आला आणि आमच्याच डब्यातलं जेवला. फरक मोठा आहे, पण मी काही पैशांवरून ठरवलं नाही. वर्षातून एकदा अकरा माणसं एकत्र येतात, तिथं पंधरा हजारांसाठी मी अडून बसलो नसतो.

तारखेचा मुद्दा मात्र दोघांनाही लागू आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेच्या सुट्ट्यांत चांगला फोटोवाला मिळणं कठीण, कारण लग्नसराई. मिळाला तरी आदल्या रात्रीची वरात काढून डोळे चोळत येतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, आणि चिखलदऱ्याचा खरा हंगाम नेमका त्याच दिवसांत. त्या काळात दोघंही भावात नरम असतात. पितृपक्षात तर तालुक्याचा स्टुडिओवाला दुकानात बसून पासपोर्ट साइज फोटोच काढत असतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर तुळशीच्या लग्नाआधीची तारीख धरा.

आता कामाचं. नागपूरच्याची नजर चांगली होती, हे आधीच मान्य करतो. पंचबोल पॉइंटवर पाऊस भुरभुरत होता. पुतणी आजीच्या डोक्यावर छत्री धरायला टाचा उंचावून उभी राहिली आणि छत्री जेमतेम आजीच्या कानापर्यंत पोचली. आमचं कोणाचंच लक्ष नव्हतं. त्यानं तो फोटो काढला. मागं दरी पांढरीफटक, समोर या दोघी, बाकी काही नाही. तो फोटो आमच्या बैठकीत लागलेला आहे आणि उतरणार नाही. आमच्या तालुक्याच्या भावाकडून तसा फोटो निघाला असता असं मला खरंच वाटत नाही.

त्याचं डोकं लग्नाच्या स्टेजवर तयार झालेलं. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं आम्हाला रांगेत लावलं. "जवाईबापू, थोडे इकडं सरका. काकू, खांद्यावर हात." माझ्या मेव्हण्याला आणि बहिणीला, लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर, त्यानं भीमकुंडाच्या कठड्याशी हातांचा बदाम करायला लावला. भीमानं कीचकाला मारून तिथं अंघोळ केली अशी कथा. मेव्हण्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, आपलाही नंबर लागला. पहिला एक तास असाच गेला. तुम्हाला हे सहन होणार नसेल तर आधीच सांगा, "पोज नको, आम्ही हिंडतो, तू मागून ये." सांगितल्यावर तो ऐकतो. फक्त त्याला पटत नाही.

दुसरीकडे, धुकं. ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला कधी कधी दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. नागपूरच्याचे चार तास दहाला सुरू झाले आणि साडेबारापर्यंत आम्ही देवी पॉइंटच्या वाटेवर एकमेकांना हाका मारत होतो. तो भला माणूस होता, पण म्हणाला, "टाइम तर चालूच राहील ना सर." पॅकेज तासाचं, त्यात त्याचं चुकलं असं नाही म्हणता येणार. पुढच्या वर्षी तसंच धुकं होतं. आमच्या भावानं कॅमेरा पिशवीत घातला, टपरीवरून भाजलेलं मक्याचं कणीस घेतलं आणि म्हणाला, "काका, जेवून घ्या. ही धुई दोन वाजल्याशिवाय उठत नाही." दोन-सव्वादोनला उठली. लग्नाआधीच्या जोडप्यांना घेऊन तो वर्षातून किती वेळा त्या घाटात चढतो, त्यालाच माहीत.

आईचंही एक आहे. परक्या माणसासमोर ती पदर सावरत ताठ उभी राहते, ओठ मिटून. नागपूरच्याच्या फोटोंत छत्रीचा एक सोडला तर ती सगळीकडे आधार कार्डावरच्यासारखी आहे. आमचा भाऊ तिला म्हणाला, "आजी, तुमच्या पोराच्या लग्नात तुम्हीच मले पुरनपोई वाढली होती, आठवते का?" तिला अजिबात आठवत नव्हतं. पण ती हसली, आणि तेवढ्यात त्यानं काढला.

इथपर्यंत मी म्हणेन, दोघं सारखेच. एकाची नजर, दुसऱ्याची ओळख. माझं ठरलं ते नंतर, फोटो हातात आल्यावर.

माझ्या आईच्या कपाळावर गोंदण आहे. दोन भुवयांच्या मध्ये तीन ठिपके, हनुवटीवर एक. सात-आठ वर्षांची असताना दारावर आलेल्या गोंदणारणीकडून तिच्या आजीनं ते काढून घेतलं होतं. आता रंग हिरवट-निळा, कडा पसरलेल्या. तिचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला आधी ते तीन ठिपके दिसतात, डोळे नंतर.

नागपूरच्यानं पाच आठवड्यांनी लिंक पाठवली. पंचेचाळीस फोटो, एडिट केलेले. आमच्या गावात नेटची रेंज गच्चीवर येते, तीही पाण्याच्या टाकीच्या बाजूला. तीन जीबीची ती लिंक उतरवायला दोन रात्री लागल्या, आणि लिंक तीस दिवसांनी बंद होणार होती. ते जाऊ द्या. लॅपटॉप आईसमोर ठेवला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोन व्हय?"

मला वाटलं तिला दिसत नाही. मोठं करून दाखवलं. कपाळ साफ. हनुवटी साफ. सुरकुत्या निम्म्या झालेल्या, रंग दोन घरं उजळ. तिनं बोट आपल्या कपाळावर नेलं, मग पडद्यावर. "माह्यं गोंदन कुठी गेलं?"

फोन लावला. तो म्हणाला, सॉफ्टवेअर चेहऱ्यावरचे डाग आपोआप काढतं, सर. मी म्हटलं, डाग नाही तो. म्हणाला, ठीक आहे, रिव्हिजनमध्ये टाकतो. आठवड्यानं परत आले. पाच फोटोंत ठिपके होते, सातांत नव्हते, आणि एकात दोनच होते. पुन्हा फोन. मग कळलं की पॅकेजमध्ये दोनदाच दुरुस्ती मिळते, त्यापुढं फोटोमागं पैसे. दुसऱ्यांदा आले तेव्हा ठिपके सगळ्यांत होते, पण पेनानं काढल्यासारखे, ठळक आणि गोल. आईनं ते पाहून काहीच म्हटलं नाही. मी मूळ फोटो मागितले, एडिट न केलेले. ते देत नाही म्हणाला, आमची पॉलिसी आहे. छत्रीचा फोटो वाचला, कारण त्यात तिचा चेहरा बाजूनं आहे.

यावर तुम्ही म्हणाल, तालुक्याच्यानं काय वेगळं केलं? पहिल्यांदा काहीच नाही. उलट जास्तच. त्यानं आठ दिवसांत फोटो दिले आणि त्यात आम्ही अकराही जण दुधानं अंघोळ केल्यासारखे होतो. आईचं गोंदण पुन्हा गायब. पेनड्राइव्ह खिशात टाकून मी त्याच्या दुकानात गेलो. त्यानं बाजूचं स्टूल पुढं केलं, चहा सांगितला आणि कॉम्प्युटरवर आईचा फोटो उघडला. मी गोंदण दाखवलं. तो खजील झाला. "काका, हात तसाच बसला. लग्नात नवरीचा तीळ राहिला तरी पोरीवाले भांडतात." मग त्यानं चेहरा गुळगुळीत करणारी ती पट्टी माऊसनं हळूहळू मागं ओढली. आधी सुरकुत्या आल्या, मग गालावरचा वांग आला, आणि मग एकेक करून ते तीन ठिपके. "इथं थांबू?" मी म्हटलं, अजून मागं. पार शून्यावर नेली तेव्हा आई आली.

असे चौदा फोटो आम्ही दोघांनी बसून केले. दीड तास लागला. मध्ये एक जण पासपोर्ट फोटो काढायला येऊन गेला, लाइट एकदा गेली. पैसे घेतले नाहीत. निघताना मूळ सहाशे फोटोही पेनड्राइव्हवर टाकून दिले, मी न मागता.

तर माझा कल कुणीकडे आहे हे कळलंच असेल. चूक दोघांनीही तीच केली. एकाच्या दुकानात मी जाऊन बसू शकलो, एवढाच फरक. नागपूरला तसंच जाऊन बसता आलं असतं तर कदाचित तोही तसाच निघाला असता. पण त्यासाठी सव्वादोनशे किलोमीटर कोण जाणार?

तरीही नागपूरचा न्यावा असे प्रसंग आहेत. दोघंच जाणार असाल, नवीन लग्न असेल, तास मोजून काम होणार असेल आणि चांगले चार-पाच फोटो मिळाले तरी पुरे असतील, तर तो नक्की सरस. तरुण चेहऱ्यांना ती गुळगुळीत पट्टी चालूनही जाते. घरात म्हातारं माणूस असेल, माणसं जास्त असतील, तर मी तालुक्याचाच नेईन.

कोणालाही नेलं तरी दोन गोष्टी आधी बोलून घ्या. पहिली, मूळ फोटो मिळणार का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. पॅकेजवाल्यांच्या कागदावर बहुतेक वेळा तो वेगळा करार असतो, बारीक अक्षरात. घरातल्या पोरीबाळींचे फोटो तो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकणार का, तेही तिथंच लिहिलेलं असतं. मी सही केल्यावर वाचलं. दुसरी, एडिटिंगमध्ये चेहऱ्याला हात लावायचा नाही, हे लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर चालतं.

ड्रोनची हौस असेल तर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय ती भागत नाही. 'उडवतो मी, काही होत नाही' म्हणणारा फोटोवाला असेल तर त्याला तिथंच नमस्कार करा. लोणारचं दैत्यसूदन मंदिर किंवा गडचिरोलीकडची मार्कंड्याची जुनी देवळं इथं जाणार असाल तर ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी लागते. आमच्या भावाला हे माहीत नव्हतं, नागपूरच्याला माहीत होतं. तेवढा त्याचा एक गुण जास्त.

आणि तालुक्याचा नेणार असाल तर गाडीतली जागा मोजताना त्याला धरा. त्याला आणि त्याच्या दोन पिशव्यांना. आम्ही धरलं नव्हतं. परतवाड्यापासून घाट चढून जाईपर्यंत मोठा पुतण्या माझ्या मांडीवर होता, आणि तो अकरावीला आहे.