एका बाजूची फुफ्फुस-धमनीच नाही : वाट पाहायची, वाहिन्या बंद करायच्या की फुफ्फुस काढायचं?

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या फुफ्फुसाकडे जाणारी मुख्य धमनी जन्मापासूनच नाही, हे आम्हाला त्याच्या ३४व्या वर्षी कळलं. लहानपणापासून त्याची प्रत्येक सर्दी छातीत उतरायची. नवरात्रात गरब्याच्या दुसऱ्या फेरीलाच तो कडेला जाऊन बसायचा आणि बडोद्यात गरबा सोडून बसणारा मुलगा घरच्यांच्या लेखी आळशीच ठरतो. पुढे एक्स-रेत उजवं फुफ्फुस लहान आणि हृदय उजवीकडे ओढलेलं दिसलं, तेव्हा एका डॉक्टरांनी ‘जुना टीबी’ म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. थुंकीत टीबीचे जंतू एकदाही सापडले नव्हते. हे मी आजही विसरू शकत नाही.

हा दोष साधारण दोन लाखांत एकाला असतो असा अंदाज आहे. पहिली नोंद १८६८ सालची. गर्भात या धमनीचा सुरुवातीचा तुकडा विरून जातो. मग ते फुफ्फुस छातीच्या भिंतीतून, श्वासनळीच्या वाहिन्यांतून, कधी डायफ्रॅमच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या) खालूनही उसनं रक्त घेतं. या उसन्या वाहिन्या पातळ, फुगलेल्या आणि जास्त दाबाच्या असतात. थुंकीतून रक्त पडतं ते त्यांच्यातून. दुसरीकडे, हृदयातून येणारं सगळं अशुद्ध रक्त एकट्या चांगल्या फुफ्फुसाला झेलावं लागतं, त्यामुळे काहींचा तिथला दाब वाढतो. २००२ साली १०८ रुग्णांची माहिती एकत्र मांडली गेली. त्यांतल्या सुमारे २० टक्क्यांना थुंकीतून रक्त पडलं होतं आणि ४४ टक्क्यांचा फुफ्फुसातला दाब वाढलेला होता. पुढचा सारा निर्णय या दोनच गोष्टींभोवती फिरतो.

कुठली तपासणी कशासाठी

एक्स-रे शंका निर्माण करतो, निदान करत नाही. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, स्वस्त आहे, गावातच होतो आणि दाबाचा अंदाज देतो, पण धमनी नाही हे त्यातून निसटू शकतं. मला विचाराल तर पैसे कॉन्ट्रास्ट (वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) घालून केलेल्या सीटी अँजिओवर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनवर, खर्च करा. धमनी मुळापासून सेंटिमीटरभरात संपलेली त्यात स्पष्ट दिसते, शिवाय उसन्या वाहिन्या कुठून आल्या आहेत याचा नकाशाही मिळतो. श्वास सोडतानाचेही फोटो घ्यायला सांगा. स्वायर-जेम्स नावाच्या आजारातही एक फुफ्फुस लहान आणि काळं दिसतं, पण त्यात धमनी बारीक का होईना असते आणि हवा आत अडकून राहते. कॅथेटर (बारीक नळी) घालून दाब मोजायची वेळ इकोवर दाब जास्त दिसला किंवा ऑपरेशन ठरलं तरच येते.

तीन वाटा

रक्त पडत नसेल आणि दाब नॉर्मल असेल तर काहीही कापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशी माणसं वर्षानुवर्षं नीट जगतात. ठरावीक काळाने इको, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, तंबाखू-सिगारेट कायमची बंद, एवढं पुरतं. दाब वाढलेला असेल तर सिल्डेनाफिल, बोसेंटान यांसारखी औषधं तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालतात. अशा बाईने गर्भधारणेचा विचार हृदयरोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय करू नये. धोका जिवाचा असतो.

रक्त पडू लागलं की एम्बोलायझेशन. जांघेतून नळी घालून, छाती न उघडता, उसन्या वाहिन्या बारीक कणांनी बंद करतात. भावाला अर्धी वाटी रक्त पडलं तेव्हा हेच केलं. दोन दिवस ताप आणि छातीत दुखणं, मग घरी. यातली मोठी अडचण अशी की एक वाट बंद केली की शरीर दुसरी काढतं आणि रक्त पुन्हा पडू शकतं. पाठीच्या कण्याला रक्त देणारी वाहिनी याच वाहिन्यांपैकी एखादीतून निघत असेल तर पाय लुळे पडण्याचा धोकाही असतो. तो क्वचित, पण संमतिपत्रावर सही करण्याआधी त्याबद्दल विचाराच. आणि हे काम वरचेवर करणाऱ्या माणसाच्याच हातून करून घ्या.

फुफ्फुस काढणं ऐकायलाच भयंकर वाटतं. आई तर रडायलाच लागली. पण त्या फुफ्फुसात हवा जात असली तरी अशुद्ध रक्त पोचतच नाही, म्हणून श्वासाच्या कामात त्याचा वाटा नगण्य असतो. ते काढल्यावर होणारी तूट इतर आजारांतल्या अशा ऑपरेशनपेक्षा कमी असते. खरी भीती ऑपरेशनच्या वेळच्या रक्तस्रावाची, कारण छातीच्या भिंतीला चिकटलेल्या जागी उसन्या वाहिन्यांचं जाळं असतं. म्हणून कित्येकदा आधी एम्बोलायझेशन करून मग ऑपरेशन करतात. दुसऱ्या फुफ्फुसातला दाब वाढलेला असेल तर मात्र हा पर्याय फार जोखमीचा. एम्बोलायझेशननंतरही रक्त पुन्हा पुन्हा पडत असेल आणि दाब ठीक असेल, तर मी ऑपरेशन लांबवणार नाही. भावालाही मी हेच सांगून ठेवलंय.

बडोदे, अहमदाबाद की मुंबई

इको, सीटी आणि नेहमीचा फॉलो-अप बडोद्यातच करा. दांडिया बाजारातून दर वेळी मुंबई गाठायची गरज नाही. दाबाचा प्रश्न असेल तर अहमदाबादची यू. एन. मेहता हृदयरोग संस्था एक्स्प्रेसवेने जवळ पडते. ऑपरेशनसाठी मात्र छातीचे सर्जन, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (एम्बोलायझेशन करणारे डॉक्टर) आणि आयसीयू एकाच छताखाली असलेली जागाच निवडा, मग शहर कुठलंही असो. जाताना सीटीची सीडी न्या. नुसता छापील रिपोर्ट पाहून आम्हाला दोन ठिकाणी परत पाठवलं होतं.

घरी अचानक रक्त पडलं तर ज्या बाजूला दोष आहे त्या कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही, आणि लगेच दवाखाना गाठा.

उंचीचं कुणी आपणहून सांगत नाही. विरळ हवेत या रुग्णांच्या फुफ्फुसात पाणी भरू शकतं. आईला त्याला घेऊन केदारनाथला जायचं होतं. ते ३,५८३ मीटरवर आहे. डॉक्टरांनी नाही म्हटलं, तेव्हा आम्ही त्याला गरुडेश्वरला नेलं. टेंबे स्वामींच्या समाधीपासून नर्मदेच्या घाटापर्यंत तो सावकाश उतरला आणि न थांबता वर आला.