पुराची गाडी, ‘घरचा’ वायरमन आणि माझे ३,३४,४०० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेवढंच विचारतो. गाडी २,८५,०००. डीलरचं कमिशन ५,०००. नाव लावायला एजंट ४,५००. विमा ८,७००. वायरिंग दुरुस्तीच्या नावाखाली ३०,०००. आणि हे सगळं पाण्यात गेलंय हे खरं सांगणाऱ्या एकमेव माणसाला १,२००. झाले ३,३४,४००. बेदाण्याच्या सौद्यात यंदा हातात आलेल्या पैशांतला मोठा वाटा.

गाडीची कंपनी सांगत नाही, तिचा यात काही दोष नाही. २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, टॉप मॉडेल, दोन एअरबॅगवाली. वडिलांना सारखं मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, तासगावाहून दर वेळी भाड्याची गाडी परवडेना, म्हणून घेतली. हौस म्हणून नाही. “एवढी घाई कशाला केली?” म्हणणाऱ्यांनी पायाला प्लास्टर असलेल्या माणसाला एसटीत चढवून बघावं.

जुन्या गाड्यांचा धंदा कसा चालतो हे काही मला माहीत नव्हतं असं नाही. मीटर मागं फिरवतात, टायरला काळं पॉलिश मारतात, इंजिन धुऊन चकाचक करतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून मी मेकॅनिक घेऊन गेलो होतो. त्यानं इंजिन ऐकलं, धूर बघितला, क्लच बघितला, गाडी उचलून खालून बघितली. सगळं ठीक होतं. इंजिन खरंच ठीक आहे, आजही. पुराच्या गाडीत इंजिन उतरवून साफ करता येतं. वायरिंग साफ करता येत नाही, आणि ते बघायला आमच्यापैकी कुणी मान खाली घातली नाही. मेकॅनिकला वायरिंगमधलं कळत नाही, हे त्याचं त्यानंच नंतर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, पत्ता सांगलीच्या गावभागातला होता. मी तासगावचा असलो तरी ऑगस्ट २०१९ मला चांगला आठवतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, सगळं पाण्यात. म्हणून मी तोंडावर विचारलं, “गाडी पुरात होती का?” डीलर हसला. “काय सर, पूर यायच्या आदल्या दिवशी पार्टीनं गाडी विश्रामबागला पाव्हण्यांकडं नेऊन लावलेली. काचंला सुद्धा पाणी लागलं नाही बघा.” आता हे खोटं कसं ओळखायचं? त्या वेळी निम्म्या सांगलीनं गाड्या उंचावरच्या विश्रामबागेत नेऊन लावल्या होत्या. चोरानं खरी गोष्ट वापरून खोटं सांगितलं की भल्याभल्यांना कळत नाही.

पण एक क्षण आहे, आणि तो आठवला की अजून झोप उडते. चावी इंजिन चालू व्हायच्या आधीच्या ‘ऑन’ टप्प्यावर फिरवली की मीटरवरचे सगळे दिवे पेटतात: इंजिनचा, ऑइलचा, बॅटरीचा, एअरबॅगचा. एअरबॅगचा थोड्या वेळात विझतो, इंजिन, ऑइल, बॅटरीचे इंजिन चालू झालं की विझतात. या गाडीत एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही. बाकीचे पेटले, हा नाही. मी ते बघितलं. या डोळ्यांनी बघितलं. आणि मला वाटलं, दिवा लागत नाही म्हणजे दोष नाही! डीलर बाजूला बसून “एक पण वॉर्निंग नाही बघा सर” म्हणत होता आणि मी मान डोलावत होतो. दिवा जळत राहणं हा दोष असतो हे सगळ्यांना माहीत असतं. दिवा पेटतच नाही, म्हणजे बहुधा कुणीतरी तो मुद्दाम मारलाय, हे गाडी विकणाऱ्यांनाच माहीत असतं. आता तुम्हालाही माहीत झालं. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि दिवे मोजा.

एप्रिल २०२५ मध्ये घेतली. कडक ऊन, सगळं कोरडं, गाडी झकास चालली. मे महिन्यातच पाऊस लागला आणि गाडीनं रंग दाखवले. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटायचा. डावीकडचा इंडिकेटर दिला की मीटरचा काटा शून्यावर. रात्री अंगणात उभी असताना सेंट्रल लॉक आपोआप खडखड उघडायचं, मिटायचं. एकदा पहाटे हॉर्न वाजत राहिला तो बॅटरी उतरेपर्यंत, शेजाऱ्यांच्या शिव्या वेगळ्या. दोन रात्री गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता टक् टक् करायचा.

डीलरला फोन केला तर आवाजात मध. “जुनी गाडी आहे सर, वायरिंगचं किरकोळ काम निघतंच. आपला घरचा वायरमन आहे, माझं नाव सांगा, वाजवीत करून देईल.” तिथंच दुसरा खड्डा. ज्यानं गाडी विकली त्यानं सुचवलेल्या वायरमनकडं कधीही जायचं नाही. कधीही.

या वायरमननं आधी बॅटरी बदलली, ५,२००. चार दिवस बरी गेली, परत तेच. मग म्हणाला डायनॅमो चार्जिंग देत नाही, रिकंडिशन बसवतो, ६,५००. परत तेच. मग स्कॅनर लावला, स्क्रीनवर लाल अक्षरांत बिघाडाच्या कोडची रांग आली, आणि “बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेलंय, मुंबईवरून मागवावं लागतंय” म्हणत १४,८००. म्हणजे दिवे, लॉक, हॉर्न सांभाळणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर. वर वायरिंग तपासणी आणि मजुरी ३,५००. बिल म्हणून वहीचा फाटका कागद, त्यावर ना दुकानाचं नाव ना भागाचा नंबर. प्रत्येक वेळी कोड डिलीट करून गाडी द्यायचा, म्हणून तासगावपर्यंत मीटर स्वच्छ. कोड पुसणं म्हणजे दुरुस्ती नाही. पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या. आणि काढलेला जुना भाग डिक्कीत टाकायला सांगा. मी मागितला तर “तो कंपनीला एक्स्चेंजमध्ये द्यावा लागतो” म्हणाला. मी मान्य केलं, कारण बॅटरी एक्स्चेंजमध्ये देतात हे खरंच आहे. परत तीच युक्ती.

शेवटी इस्लामपूरकडचा एक म्हातारा ऑटो इलेक्ट्रिशियन एका नातेवाइकानं सांगितला. बोलला कमी. गाडी बंद केली, दारं लावली, अर्धा तास चहा पीत बसला. मग बॅटरीच्या वायरला मीटर लावला. उभी गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत खाते, ही ६०० खात होती. म्हणजे दिवसाला १४ अँपिअर-तास, आणि बॅटरी ३५ ची. दोन रात्रींत का उतरते हे शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. ५,२०० घेणाऱ्यानं हा मीटर एकदाही लावला नव्हता. इंजिन चालू करून म्हाताऱ्यानं चार्जिंग बघितलं, १४.१ व्होल्ट, म्हणजे व्यवस्थित. डायनॅमोला काहीच झालेलं नव्हतं, आणि तो बदललेलाही नव्हता. बोल्टवरचा गंज जसाच्या तसा, पाना लागल्याची खूण नाही.

मग त्यानं पुढची सीट सोडली आणि कार्पेट उचललं. वरचं कार्पेट नवीन. खालचा फोम ओला, आणि फोमखाली वस्त्रगाळ पिठासारखा गाळ. कृष्णेचा गाळ ओळखायला आम्हाला प्रयोगशाळा लागत नाही. कनेक्टरच्या पिना हिरव्या झालेल्या. एक वायर त्यानं चार इंच सोलून दाखवली: वरचं प्लॅस्टिक नव्यासारखं आणि आतलं तांबं काळं. पाणी टोकाकडून शिरतं आणि तारांमधून आत आत चढत जातं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. अर्थिंगचे बोल्ट बॉडीला जिथं बसतात तिथं नुसता गंज. अर्थिंग मिळालं नाही की करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो, म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर. सहा वर्षं ते आत कुजत होतं. उन्हाळ्यात कोरडं, पावसाळ्यात जिवंत.

‘मुंबईवरून मागवलेलं’ मॉड्यूल त्यानं उघडलं. जुनंच. वरून क्लीनर मारलेला, नवीन स्टिकर लावलेला. एअरबॅगचा कनेक्टर सीटखाली काढून चिकटपट्टीनं बांधलेला. म्हणजे धडक झाली असती तर एअरबॅग उघडलीच नसती, आणि वडील पुढच्याच सीटवर बसतात. पैशांचं एक वेळ सोडा. याला फसवणूक म्हणायचं की आणखी काही?

पूर्ण वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा, आणि मॉड्यूल बदलायचं तर ७०,००० च्या पुढं, आणि तरी हमी देणार नाही म्हणाला. १,२०० घेतले आणि चहा पाजला.

आरसीवरच्या मालकाचा नंबर मिळवून फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, “मी दोन वर्षांपूर्वीच त्यांना दिली, १,०५,००० ला. पुरातली आहे हे सांगूनच दिली.” गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिलेल्या. म्हणजे ‘पार्टीची गाडी’ वगैरे सगळं खोटं, गाडी डीलरचीच. आणि मी ऑनलाइन दिलेले १,८५,००० ‘पार्टीच्या मुलाच्या’ खात्यावर गेलेले. हा मुलगा कोण, मालकांना माहीत नाही. उरलेला एक लाख रोख, पावती नाही. आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच खात्यावर पैसे टाका, नाहीतर टाकूच नका. मालकांना म्हटलं एवढं लिहून द्या, तर म्हणाले, “आम्हाला कशाला कोर्टकचेरीत ओढता?”

आता सरकारी कारभार. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. अंमलदारानं करारनामा वाचला, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: ‘वाहन आहे त्या स्थितीत पाहून, तपासून, समाधानाने घेतले.’ “तुम्ही सही केलीय. हा दिवाणी मामला आहे.” मी म्हटलं, साहेब, विचारल्यावर खोटं सांगून पैसे घेतले तर ती फसवणूकच. वकिलांनी मला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लिहून दिलं होतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. तर उत्तर, “मग वकिलांनाच गुन्हा दाखल करायला सांगा.” पोचेचा शिक्का मारायला सुद्धा हात धजावेना. अर्ज ‘चौकशीवर’ आहे. कसली चौकशी? डीलरला एक फोन, आणि संध्याकाळी डीलरचा मला फोन: “सर, पोलिसात कशाला गेला?” बघा, चौकशी किती वेगानं होते!

आरटीओच्या खिडकीवर गेलो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, असा केंद्राचा नियम आहे. विचारलं, या डीलरकडं ते आहे का? “माहितीच्या अधिकारात अर्ज करा.” नसेल तर कारवाई कोण करणार? “तक्रार पोलिसात करा.” पोलीस म्हणतात आरटीओत जा. गाडी विमा कंपनीनं २०१९ ला टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडं गेलेली, दाखवली होती का, हे कंपनीला विचारलं, तर “तेव्हा तुम्ही पॉलिसीधारक नव्हता.” तेव्हा असतो तर मी विचारलं कशाला असतं? ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे ते सांगणार नाहीत, आणि ज्यानं नावाची फी भरली त्यानं कार्पेट उचलून गाळ शोधायचा. एवढ्या गाड्या त्या पुरात बुडाल्या, त्या गेल्या कुठं, असा प्रश्न एकाही टेबलावरच्या माणसाला पडत नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर निदान तक्रार क्रमांक तरी मिळाला. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वायरमनलाही सामनेवाला केलाय. इस्लामपूरच्या म्हाताऱ्यानं लेखी अहवाल द्यायचं कबूल केलंय, स्वतःहून.

गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी सुचेल तसं लिहितो. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ तिथं राहते, कारण तिथवर धुवायला कुणी जात नाही. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आणि सीट कव्हर कोरं, तर उठा. परफ्यूमचा भपकारा आला तर काचा लावून, ब्लोअर फुल करून दहा मिनिटं आत बसा. भर दुपारी गाडी बघू नका, अंधार पडताना बघा: हेडलाइट, वायपर, ब्लोअर, हॅझर्ड सगळं एकदम चालू, एक माणूस ब्रेकवर आणि एक मागं उभा. आणि मेकॅनिकसोबत वायरिंगवाला न्या, स्वतःचा.

डीलरचा निरोप आलाय: ४०,००० घ्या, तक्रार मागं घ्या, आणि समाधान झाल्याचं लिहून द्या. नाही म्हटलंय. पुराची गोष्ट सांगून गाडी विकायला काढली तर ९०,००० च्या वर कुणी जात नाही. मेव्हणा म्हणाला, “सांगताच कशाला दाजी? कार्पेट वाळवा, कोड पुसा, उन्हाळ्यात काढा.” त्यालाही नाही म्हटलंय. तेव्हापासून तो फोन उचलत नाही.