ड्रमवरून उठून माइकसमोर: जेनेसिसचा 'सेकंड्स आउट'

फिल कॉलिन्स किती ताकदीचा ड्रमर होता आणि गायक म्हणून कसा घडला, हे एकाच अल्बममधून ऐकायचं असेल तर ऐंशीच्या दशकातली त्याची गाजलेली गाणी तूर्त बाजूला ठेवा आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये आलेला जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडचा 'सेकंड्स आउट' हा लाइव्ह अल्बम घ्या. दोन तबकड्या, सुमारे दीड तास, सगळं पॅरिसमधल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमध्ये, याच्या तोडीचे लाइव्ह अल्बम हाताच्या बोटांवर मोजता येतील.

थोडी पार्श्वभूमी हवी. कॉलिन्स १९७० मध्ये जेनेसिसमध्ये आला तो ड्रमर म्हणून. मुख्य गायक होता पीटर गेब्रियल. १९७५ मध्ये गेब्रियल बाहेर पडला, नव्या गायकाचा शोध घेऊन झाला आणि शेवटी माइक कॉलिन्सच्याच हातात आला. हे वाटतं तितकं अचानक नव्हतं. पाच वर्षं तो ड्रमच्या मागे बसून गेब्रियलला साथीचा आवाज देत होता, १९७१ आणि १९७३ च्या अल्बमांत एकेक गाणं मुख्य गायक म्हणून गायलाही होता. म्हणून या अल्बमवर जुनी गाणी त्याच्या गळ्यात परकी वाटत नाहीत. 'द कार्पेट क्रॉल' ऐका. आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटल्यासारखा सुरू होतो आणि कडव्यागणिक चढत जातो, कुठेही जोर लावल्याचं जाणवत नाही. शब्द नेमका मात्रेवर टाकायचा की किंचित मागे ठेवायचा, हा निर्णय ज्याच्या हातात ठेका मुरलेला आहे त्याचाच आहे.

तो पुढे उभा राहून गातो, याचा रेकॉर्डिंगलाही फायदा झाला. गायक ड्रमच्या मागे बसला की त्याच्या माइकमध्ये सिंबल, म्हणजे ड्रमच्या झांजा, शिरतात. मग मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, गाण्याचा आवाज वर काढला की सिंबलही वर येतात आणि सगळं खरखरीत होतं. शिवाय ड्रमचा मोठा फिल (दोन ओळींमधली जागा भरणारा छोटा तुकडा) आणि गाण्याची लांब ओळ एकत्र आली तर श्वास कुठे घ्यायचा ही अडचण असतेच. इथे आवाज स्वच्छ, सुटा मिळाला आहे.

मग ड्रमवर कोण? चेस्टर थॉम्पसन, त्याआधी रॉक संगीतकार फ्रँक झप्पा आणि जॅझ-फ्यूजन बँड वेदर रिपोर्ट यांच्याबरोबर वाजवलेला अमेरिकन ड्रमर. झप्पाच्या १९७४ च्या लाइव्ह अल्बमवर थॉम्पसन आणि राल्फ हम्फ्री या दोघांनी मिळून वाजवलेला ड्रमचा एक फिल कॉलिन्सच्या डोक्यात बसला होता, आणि त्यावरूनच त्याने थॉम्पसनला बोलावलं. तोच फिल 'आफ्टरग्लो'च्या शेवटी येतो. सुरावटीचा मोठा डोंगर चढत असताना दोन्ही किटवरून (ड्रमच्या संचांवरून) एकदमच टॉम, म्हणजे खोल आवाजाचे ड्रम, कोसळतात. हेडफोन लावून ऐकलं तर दोन स्ट्रोकमधला केसाएवढा फरक कळतो, आणि त्या फरकामुळेच तो आवाज एका ड्रमरपेक्षा रुंद वाटतो. कॉलिन्स डावखुरा, थॉम्पसन उजव्या हाताचा, त्यामुळे मंचावर त्यांची किट आरशातल्यासारखी उलट मांडलेली असायची.

वाद्यांचे लांब तुकडे आले की कॉलिन्स माइक सोडून आपल्या किटवर जाऊन बसतो. 'डान्स ऑन अ व्होल्केनो' आणि 'लॉस एंडोस' यांच्यामध्ये दोघांची जुगलबंदी आहे. ती चढाओढीची नाही. एकाने टाकलेलं वाक्य दुसरा उचलतो आणि पुढे नेतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र 'द सिनेमा शो'ला द्या. हे एकच रेकॉर्डिंग १९७६ च्या दौऱ्यातलं आहे आणि त्यात दुसरा ड्रमर आहे बिल ब्रुफोर्ड. उत्तरार्धातला कीबोर्डचा भाग सात मात्रांचा आहे. रूपकची सवय असलेल्या कानाला सात मोजणं जड जाणार नाही, पण रूपकात सम 'खाली'च्या मात्रेवर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, येते, तसं वजन इथे शोधू नका. सुरुवातीला टोनी बँक्सच्या कीबोर्डकडे दुर्लक्ष करून ड्रमच्या फक्त हाय-हॅट (जोडझांज) आणि स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) धरा. दहा-बारा आवर्तनांत सात अंगात बसतं. मग पुन्हा पहिल्यापासून कीबोर्डसकट ऐका. ब्रुफोर्ड ठेक्याला टोचत राहतो, कॉलिन्स तो वाहता ठेवतो. थॉम्पसनबरोबरच्या गाण्यांत ही खेचाखेच नाही, तिथे सगळं घट्ट बांधलेलं आहे. एकाच अल्बमवर दोन्ही ऐकायला मिळणं ही मोठीच गोष्ट.

उणिवाही आहेत. 'फर्थ ऑफ फिफ्थ'च्या सुरुवातीचा प्रसिद्ध पियानोचा तुकडा इथे वाजवलेलाच नाही. 'द म्युझिकल बॉक्स'चा फक्त शेवटचा भाग आहे, आणि गेब्रियलच्या आवाजातली धमकी कॉलिन्सच्या गळ्यात येत नाही, तिथे तो गोडच राहतो. स्टीव्ह हॅकेटची गिटार मिक्समध्ये बरीच मागे आहे. अल्बमचं मिक्सिंग चालू असतानाच तो बँड सोडून गेला.

विनाइल घेणाऱ्यांनी तिसरी बाजू तपासून घ्यावी. त्या पूर्ण बाजूवर 'सपर्स रेडी' हे एकच गाणं आहे, साडेचोवीस मिनिटांचं. एवढा वेळ एका बाजूवर बसवायचा तर खाचा एकमेकींच्या अगदी जवळ कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. त्यात गाण्याचा कळस येतो तो तबकडीच्या आतल्या कडेला, जिथे दर फेरीला खाचेची लांबी सगळ्यात कमी असते. सुई झिजलेली किंवा कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाचा) कोन चुकलेला असेल तर आवाज नेमका तिथे फाटतो. जुनी प्रत घेताना दुकानात पहिलं मिनिट ऐकून भागणार नाही, सुई शेवटच्या तीन मिनिटांवर ठेवायला सांगा. टर्नटेबल साधं असेल तर सरळ सीडी घ्या. दुसऱ्या सीडीवर 'सपर्स रेडी'पासून 'लॉस एंडोस'पर्यंतचा सगळा भाग सलग मिळतो, आणि १९९४ ची रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारलेली) प्रत वापरलेली मिळाली तरी चालेल.

हा आवडला तर पुढे फेब्रुवारी १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' घ्या. त्यात गाणारा आणि ड्रम वाजवणारा एकच माणूस आहे. त्याच वर्षीचा ब्रँड एक्स या त्याच्या दुसऱ्या बँडचा 'अनऑर्थोडॉक्स बिहेविअर' जॅझ-फ्यूजनचा आहे, त्यात कॉलिन्सचे हात पूर्ण मोकळे सुटलेले ऐकू येतात.