स्वतःचा वॉकीटॉकी आगीच्या कामावर: आठ महिन्यांनंतर

आमच्या अग्निशमन दलात वॉकीटॉकी सेट कमी, माणसं जास्त. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी स्वतःचा वॉकीटॉकी घेतला. ५ वॉट, व्हीएचएफ (एक रेडिओ पट्टा), ॲनालॉग. आधी वरिष्ठांची लेखी परवानगी घेतली आणि चॅनल दलाच्या तंत्रज्ञाकडूनच भरून घेतले. ही पायरी गाळू नका. आमच्या एका चॅनलवर टोन (रिपीटर ज्यावरून आपला सेट ओळखतो तो सांकेतिक सूर) चुकीचा भरला गेला होता. मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, पण माझा आवाज रिपीटर, म्हणजे संदेश लांबवर पुढे पाठवणारं केंद्र, उचलतच नव्हता. रोजच्या तपासणीत हे कळलं. तेच वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, कळलं असतं तर?

ऐकण्यासाठी हा सेट मला फार आवडतो. वर्दी घरीच कळते. गाडीत बसेपर्यंत किती मजले, कोणी अडकलंय का, याची कल्पना आलेली असते.

बोलण्याची गोष्ट वेगळी. जाड हातमोज्यांतून पीटीटी (दाबून बोलायचं) बटण सापडत नाही, म्हणून खांद्यावरचा माइक लावला. बीए सेटचा (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा) मास्क चढवल्यावर माइक मास्कच्या आवाजाच्या जाळीसमोर दोन-तीन बोटांवर धरावा लागतो. श्वास घेऊन झाला की मगच बोलायचं. याचा कोरड्या, म्हणजे आगीशिवायच्या, कवायतीत खूप सराव करा.

तिसऱ्या महिन्यात पट्ट्याखाली माझं बटण दबून राहिलं आणि अख्खा चॅनल अडला. आत दोन सहकारी होते. कोणाला इजा झाली नाही, पण ते क्षण मी विसरलेलो नाही. दुसऱ्याच दिवशी ६० सेकंदांनी प्रक्षेपण आपोआप बंद होईल अशी सोय करून घेतली.

तेव्हापासून आत जाताना मी दलाचाच सेट नेतो. त्याचं केशरी बटण दाबलं की कोण संकटात आहे ते नियंत्रण कक्षाला दिसतं. माझ्या सेटची तिथे नोंदच नाही. शिवाय माझ्या सेटवरचं आयपी६७ हे मानांकन म्हणजे धुळीपासून आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं संरक्षण, उष्णतेबद्दल त्यात काहीच नाही. गॅसगळतीच्या वर्दीला तर माझा सेट बंद करून गाडीतच ठेवतो, कारण तो स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित नाही.

बॅटरी नुसत्या ऐकण्यावर दिवसभर टिकते, सतत बोललं की झपाट्याने उतरते. दुसरी बॅटरी घेतली आहे. दोन्हींवर तारीख लिहून आलटून पालटून वापरतो.