सुपरवायझरांच्या ट्रेनिंगला जावं का? सकाळसाठी जरूर जा, दुपारचं तुमचं तुम्ही बघा

हाताखालच्या माणसांबद्दल आपण मनातल्या मनात जे ठरवून टाकतो, त्यावर एक दिवसाचं ट्रेनिंग बेळगावच्या तिलकवाडीतल्या एका हॉलमध्ये झालं. कंपनीनं मला आणि आमच्या नाइट शिफ्टच्या सुपरवायझरला पाठवलं. फी माणशी 2,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,360 रुपये. त्यात दोन वेळचा चहा, जेवण आणि जेवणावर कुंदा. तेव्हापासून उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, भेटेल तो विचारतोय, कसं होतं म्हणून. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो. ट्रेनर पुण्याचे. त्यांचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण पुढं थोडं वाकडंही बोलणार आहे.

वेळ दहाची होती. चार जण साडेदहाला आत आले. ट्रेनर त्यांना काही बोलले नाहीत, फळ्यावर फक्त लिहिलं, ‘चार जण 10.30 ला आले.’ मग हॉलला विचारलं, यावरून काय वाटतं? पुढच्या रांगेतून लगेच उत्तर आलं, ‘फी कंपनीची, ह्यांना काय पडलंय?’ दुसरा म्हणाला, ‘बेळगावचं टायमिंगच असं ओ.’ मग त्या चौघांनाच विचारलं. तिघं दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलेले. चौथा म्हणाला, ‘मी उशिरा उठलो.’ सगळे हसले. पण ट्रेनरनी त्या चौथ्याला झाकलं नाही, ‘हे पण लिहा’ म्हणाले, तिथं मला माणूस पटला. अशा ट्रेनिंगमध्ये सहसा सगळेच बिचारे गेटला अडकलेले निघतात.

मग थोडं पुस्तकी. 1967 साली अमेरिकेत एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या दोघांनी एक प्रयोग केला. क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूनं किंवा विरोधात लिहिलेले निबंध लोकांना वाचायला दिले. लिहिणाऱ्यानं बाजू स्वतः निवडलेली नाही, त्याला ती नेमून दिली होती, हे सांगूनसुद्धा वाचणाऱ्यांचा कल तोच राहिला, की बाजूनं लिहिणारा आतून कॅस्ट्रोवालाच असणार. ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली या खोडीला नाव दिलं. माणूस कशात अडकलाय हे बघायचं सोडून आपण त्याच्या स्वभावाला हात घालतो, असं त्याचं थोडक्यात म्हणणं. कॅस्ट्रोचं आम्हाला काय, असं आधी वाटलं. पण रिजेक्शनचं, म्हणजे नापास मालाचं, टार्गेट वरून येतं, सुपरवायझर ते फक्त वाचून दाखवतो, हे पोरांना पक्कं माहीत असतं, तरी त्यांच्या लेखी तो मालकाचा चमचाच ठरतो की. हे मी तिथं बोललो, तर मागच्या रांगेतून टाळी पडली.

दिवसातलं सगळ्यात कामाचं म्हणजे घडीचा कागद. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोन अमेरिकन प्राध्यापकांची ही पद्धत. कागदाला मधोमध उभी घडी घालायची. उजवीकडं प्रत्यक्ष झालेलं बोलणं लिहायचं, जसंच्या तसं. डावीकडं त्या वेळी मनात आलेलं, पण तोंडातून न निघालेलं. आमच्या टेबलावर मच्छेच्या एका मशीन शॉपचे सुपरवायझर होते, पन्नाशीचे, हात तेलानं कायमचे काळे झालेले. त्यांनी आपला कागद वाचून दाखवला. त्यातलं इन्सर्ट म्हणजे मशीनवर धातू कापणारी छोटी बदलायची टिप, एक कड बोथट झाली की फिरवून दुसरी वापरतात.

उजवीकडं होतं: ‘इन्सर्टचा डबा कुठाय?’ ‘संपला असेल साहेब.’ ‘परवाच काढलेला ना?’ ‘बघतो.’

डावीकडं होतं: ‘ड्रॉवरमध्ये दाबून ठेवलायस. बाहेर विकूलालास. मागचा डबा पण तूच संपवलास.’

ट्रेनर म्हणाले, यात कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढ्याखाली रेघ मारा. काकांनी पेन फिरवलं. शेवटी रेघेखाली एवढंच आलं, की ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये सहा इन्सर्ट होते. बाकी सगळं डोक्यातलं. आर्गिरिसनं याला शिडी म्हटलंय: बघितलं, त्यातलं सोयीचं तेवढं उचललं, अर्थ लावला, माणूस ठरवला, आणि वरच्या पायरीवरून मेमो टाकला.

तेवढ्यात आमच्या नाइटवाल्यानं विचारलं, ‘तुमचं स्टोअर किती वाजता बंद होतं काका?’ ‘सहाला.’ ‘मग रात्री टिप तुटली तर तो काय करणार? बोथट टिपेवर जॉब काढला तर साइज जाणार, रिजेक्शन त्याच्याच नावावर.’ हॉलमध्ये एकदम ‘हांऽऽ’ झालं. ट्रेनरचा चेहरा खुलला. म्हणाले, बघा, दोष माणसाचा नव्हता, व्यवस्थेचा होता.

इथं मला राहवलं नाही. चोर म्हणणारा अंदाज काकांचा होता, बिचारा म्हणणारा आमचा. त्या ऑपरेटरला अजून कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, फोन लावा की त्याला. जेवणाच्या सुट्टीत काकांनी लावला, आम्ही बाजूलाच उभे. उत्तर असं आलं: चार नवे रात्रीसाठी ठेवलेले, आणि दोन वापरलेले, पण एकेक कड शिल्लक असलेले. कोणीतरी ते भंगाराच्या डब्यात टाकले होते, त्याला फेकवेनात म्हणून परत उचलून ठेवलेले. म्हणजे त्या शॉपमध्ये कड शिल्लक असलेले इन्सर्ट भंगारात जातायत, ही खरी बातमी, आणि ती आमच्या कोणाच्याच अंदाजात नव्हती. काका कुंदा तसाच ठेवून स्टोअरवाल्याला फोन लावायला बाहेर गेले.

म्हणून माझी पहिली तक्रार ट्रेनरच्या एका स्लाइडवर: ‘समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चला.’ ऐकायला गोड आहे. पण तेही धरूनच चालणं झालं. शिवाय चांगलं धरलं की माणूस विचारत नाही, वाईट धरल्यावर निदान भांडण तरी होतं आणि भांडणात काहीतरी बाहेर पडतं. आमच्या धंद्यात स्पूलचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्याचा, व्यास मायक्रॉनमध्ये बघतात. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, कितीही सज्जन असला तरी जॉब मायक्रोमीटर लावूनच पुढं जातो, आणि त्याचा सेटरला राग येत नाही, कारण ते सगळ्यांच्याच जॉबला लागतं. विचारणं तसं रोजचं झालं तर त्याचा मेमो होत नाही. हे ट्रेनरनी सांगायला हवं होतं. त्यांनी ‘विश्वास ठेवा’वर भागवलं.

विचारायचं कसं, यावर मात्र त्यांनी चांगला अर्धा तास दिला. ‘का केलंस?’ म्हटलं की पोरगं बचावाला उभं राहतं. ‘काल दुसऱ्या मशीनवर कसं कसं झालं, सांग बघू’ म्हटलं की सांगत सुटतं. आणि चौघांत विचारायचं नाही. आमच्याकडं खानापूरच्या जांबोटी भागातून येणारी पोरं आहेत. पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत ती गैरहजर राहतात आणि कारण ‘ताप’ सांगतात. शेतावर होतो म्हटलं तर बोलणी खावी लागतात, तापाला कोणी काही म्हणत नाही. खोटं बोलायला आपणच शिकवलंय, असं आमचा नाइटवाला तिथं उभा राहून म्हणाला. आता लावणीची सुट्टी आधी सांगितली तर पगार कापायचा, पण ओरडायचं नाही, असं आमच्याकडं ठरतंय. मालकांची सही अजून व्हायचीय.

एका बाईंचा कागद पण लक्षात राहिला. खानापूर भागातल्या काजू युनिटवर त्या सोलणाऱ्या बायकांवर देखरेख करतात. एका बाईचे रोजचे किलो कमी भरतात म्हणून डावीकडं लिहिलेलं: ‘गप्पा मारत बसते.’ मग टेबलावरच हिशोब मांडला. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात मोठा फरक. या बाईच्या टोपलीत तुकडा जवळजवळ नाहीच. किलोनं मोजलं तर ती मागं, अख्ख्या गरानं मोजलं तर पुढं. युनिट किलो मोजतं. त्यावर ट्रेनर काही बोलले नाहीत, पुढच्या कागदाकडं गेले. खरं तर एक तास त्यावरच घालवायला हवा होता.

दुसरी तक्रार मोठी आहे. एका सुपरवायझरनं सरळ विचारलं, ‘मी जवळ गेलो की आमचे दोन ऑपरेटर कन्नडमध्ये शिरतात. माझ्याबद्दलच बोलतात की काय, कळत नाही.’ आमच्या भागात कुठल्याही शॉपवर रोज येणारा हा प्रश्न. ट्रेनर चपापले. ‘हा विषय जरा राजकीय आहे, नंतर बोलू,’ म्हणाले आणि नंतर बोललेच नाहीत. 1956 पासूनचा आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला सीमावाद त्यांनी सोडवावा, असं कोण म्हणालं होतं? प्रश्न दोन ऑपरेटरचा होता. शेवटी उत्तर गोकाकच्या एका फिटरनं दिलं, तेही मराठीत: ‘साहेब, तुम्ही पण आम्ही आलो की मराठीत शिरताय की. आम्ही विचारतो काय, आमच्याबद्दल बोलूलालाव काय म्हणून?’ दोघं नंतर चहाला एकत्र उभे होते. पुण्याहून बेळगावात ट्रेनिंग द्यायला येणाऱ्यानं या प्रश्नाची तयारी करूनच यावं.

दुपार मात्र फुकट. जेवणानंतर एक प्रश्नावली भरून घेतली आणि सगळ्यांना चार रंग वाटले. लाल म्हणजे हुकूम सोडणारा, निळा म्हणजे हिशोबी, पिवळा बोलका, हिरवा शांत. मला निळा आला. मग ‘तुमच्या टीममध्ये लाल कोण ते ओळखा’ असा खेळ. सकाळी तीन तास खर्चून माणसावर शिक्का मारू नका म्हणून सांगायचं, आणि दुपारी चार शिक्के हातात द्यायचे! दुसऱ्या दिवशी आमच्याच शॉपमध्ये कोणीतरी पॅकिंगच्या पोराला ‘ए पिवळ्या’ म्हणून हाक मारली. ती हाक अजून चालू आहे. स्लाइड सगळ्या इंग्रजीत होत्या, हेही सांगतो. बोलणं मराठी-हिंदीत होतं, पण गोकाक, हुक्केरीकडचे तिघं-चौघं सकाळभर शेजाऱ्याला विचारत होते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मालक आणि सुपरवायझर एकाच बॅचला घालू नका. आमच्या बॅचला दोन मालक होते, त्यांच्या टेबलावर घडीच्या कागदाची डावी बाजू कोरीच राहिली. आणि कागद स्वतःच्या शॉपमधल्या खऱ्या भांडणाचा घेऊन जा, तिथं बसून आठवायला वेळ पुरत नाही.

पाचपैकी साडेतीन देतो. कमी केलेल्या दीडमधला एक रंगांचा, अर्धा त्या न दिलेल्या उत्तराचा. पुढची बॅच कन्नडमध्ये घेण्याचा विचार आहे, असं जाताना ट्रेनर म्हणाले. झाली तर आमच्या दोन सेटरना पाठवा, असं मी ऑफिसात सांगून ठेवलंय, फक्त दुपारी एकला त्यांना परत आणायला गाडी पाठवायची.